एवेलिओचे चौदा खांब

एवेलिओ जमिनीवर चालायला लागला की आम्हाला हसू आवरत नसे. होडीत तो खुशाल एका पायावर उभा राहायचा, पण बाजाराच्या गावी धक्क्यावर उतरला की पाय फाकवून, एकेक पाऊल चाचपत टाकायचा. "अरे कोंपाद्रे, रस्ता हलत नाही," मी मागून ओरडायचे. "तुला काय माहीत, कोमाद्रे चिंका?" तो म्हणायचा. "पृथ्वी ताशी सोळाशे किलोमीटरच्या वेगानं गरगरतेय. तू पण धर कशाला तरी."

त्याच्या मुलाच्या, विल्मेरच्या, बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून पोराला हातावर मी धरलं होतं, म्हणून मी एवेलिओची आणि त्याच्या बायकोची, ओमाइराची, कोमाद्रे झाले आणि तो माझा कोंपाद्रे. सख्ख्या भावाशी भांडता येतं, कोंपाद्रेशी भांडायला लाज वाटते असं आमच्याकडे म्हणतात. मला कधी वाटली नाही. आमचं भांडण रोजचं होतं, माझ्या दुकानाच्या खिडकीत, त्याची होडी खाली आणि माझी कॉफी वर.

आमचं बोका दे गार्सा हे सगळं गावच पाण्यात होतं. चाळीसेक घरं, शाळा, देऊळ, माझं दुकान, सगळं सरोवरात रोवलेल्या खांबांवर. शेजारणीकडे मीठ मागायला जायचं तर होडीतून. पोरं आधी पोहायला शिकत आणि मग चालायला. आणि वर्षातल्या निम्म्याहून जास्त रात्री, काताटुंबो नदी सरोवराला मिळते त्या बाजूला वीज नाचायची, तासन् तास, एकामागून एक, आणि आवाज म्हणून नाही. इतकी लांब असायची की गडगडाट आमच्यापर्यंत पोचायचाच नाही. पूर्वी समुद्रावरचे खलाशी म्हणे तिच्याकडे बघून दिशा ठरवत. आम्हाला तिचं काही कौतुक नव्हतं. तिच्या उजेडात मी घेवडा निवडलाय.

पण ती बघायला जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातून माणसं यायची, आणि एवेलिओच्या ओसरीवर झोपायच्या झोळ्या टांगून राहायची. राहण्याजेवणाचे ठरलेले पैसे तो घ्यायचा, आणि वर एक अट घालायचा. "मी तुम्हाला वीज दाखवली. आता तुमच्याकडची एक अजब गोष्ट सांगून जायचं. खरी हवी. थाप मारलीत तर होडी उलटेल." माणसं हसायची आणि सांगायची. सकाळी तो ती गोष्ट गरम गरम माझ्या खिडकीत आणायचा.

"कोमाद्रे, ऑक्टोपसला तीन हृदयं असतात."

"मेल्याला एक सांभाळता येत नसेल म्हणून."

"आणि रक्त निळं."

"मग खानदानी दिसतो. चल, कॉफी पी, आणि कालच्या साखरेचं काय ते बोल."

एकदा त्यानं सांगितलं की दर वर्षी आफ्रिकेतल्या वाळवंटाची धूळ वाऱ्यावर अख्खा समुद्र ओलांडते आणि आमच्या दक्षिणेच्या मोठ्या जंगलात पडते, त्या झाडांना त्यातून खत मिळतं. तेव्हा गावात पीठ मिळेना झालं होतं. मी म्हटलं, "झाडांना एवढ्या लांबून घरपोच जेवण, आणि माझ्या दुकानात तीन आठवडे मक्याचं पीठ नाही. त्या वाऱ्याला माझा पत्ता दे." एवेलिओ इतका हसला की कॉफी नाकातून आली. एका दुष्काळी वर्षी तर वीजच कित्येक आठवडे दिसेना. दोन म्हातारे पाहुणे सात समुद्र ओलांडून आले होते, आणि एवेलिओ त्यांच्यासमोर मान खाली घालून बसला, जसा काही गुन्हा त्याच्याच घरच्या माणसानं केलाय. त्यानं त्यांचे पैसे घेतले नाहीत, वर तीन दिवस नारळाच्या रसातले मासे खाऊ घातले.

ह्या गोष्टींवर विल्मेर वाढला. बापाच्या मांडीला मांडी लावून ऐकायचा आणि विचारायचा, "पण पप्पा, तू हे स्वतः बघितलंस का?" एवेलिओ म्हणायचा, "मी कशाला बघू? जग माझ्या ओसरीवर येतं." पोराला ते उत्तर पुरलं नाही. आणि काळही तसाच आला. मासे कमी झाले, इंजिनाला सुटे भाग मिळेनात, पाहुणे यायचे बंद झाले. विल्मेर एकोणीस वर्षांचा असताना सीमा ओलांडून कोलंबियात गेला. एकटाच नाही, गावातली निम्मी पोरं गेली. निघताना त्यानं आईला सांगितलं, "पाच वर्षं. फार तर सहा. पप्पाला नवीन इंजिन घेऊन येतो. तुम्ही इथेच असा."

पहिली दोन वर्षं कुणा ना कुणाबरोबर निरोप यायचे. मग येईनासे झाले. आमच्याकडे फोनला नावालाही सिग्नल नव्हता, आणि निरोप आणणारी माणसंच उरली नाहीत.

ओमाइरा तेव्हा एका गोष्टीला धरून बसली. समुद्री कासवांचा अभ्यास करणारी एक बाई पूर्वी त्यांच्याकडे राहून गेली होती. तिनं सांगितलं होतं की कासवाची मादी अंड्यातून निघते, समुद्रात जाते, वीस-तीस वर्षं कुठे कुठे हिंडते, आणि अंडी घालायची वेळ आली की ज्या किनाऱ्यावर जन्मली त्याच किनाऱ्याला परत येते. पृथ्वीत जे लोहचुंबक आहे त्याची खूण तिच्या अंगात असते. एवेलिओला ती नुसती नवलाची गोष्ट वाटली होती. ओमाइरानं ती देवाच्या वचनासारखी मनात ठेवली. "कासवाला जमतं," ती मासे साफ करता करता म्हणायची, "माझं पोर काय कासवापेक्षा खुळं आहे?"

मग गाळ आला. वर कुठेतरी नदीनं वाट बदलली आणि सगळा गाळ आमच्याकडे ढकलायला सुरुवात केली. आधी माझ्या दुकानाखालचं पाणी छातीपर्यंत उतरलं, मग कमरेपर्यंत. मग गवत उगवलं. बेडूक आले, बेडकांमागून साप आले. जगभरातली माणसं आमच्या डोक्यावरची वीज बघून गेली होती, आणि पायाखालचं सरोवर जमीन होत होतं ते बघायला कुणी आलं नाही.

गाव उठायला लागलं. आमच्याकडे माणसं घर सोडून जात नाहीत, घर घेऊन जातात. आणि घरं न्यायची कला एवेलिओइतकी कुणालाच नव्हती. दोन मोठ्या होड्या घ्यायच्या, त्यांत काठोकाठ यायला बोटभर कमी एवढं पाणी भरायचं, म्हणजे त्या खोल बसतात. त्या घराखाली सरकवायच्या, आडव्या तुळया टाकून बांधायच्या. मग पाणी उपसायचं. जसजसं पाणी कमी होतं तसतशा होड्या वर येतात आणि घर भिंतींसकट, पत्र्यासकट, भिंतीवरच्या माउलीच्या तसबिरीसकट खांबांवरून अलगद उचललं जातं. एवेलिओनं अशी अडतीस घरं दक्षिण किनाऱ्याला नेली. एका म्हातारीनं तर वाटेत चूलसुद्धा विझवली नाही. प्रत्येक घर नेऊन तो परत यायचा तेव्हा गावात एक खिडकी कमी झालेली असायची, आणि ती त्यानंच कमी केलेली असायची. एकदा तो मला म्हणाला, "कोमाद्रे, मी गाव वाहतोय की पुरतोय?" माझं दुकान त्यानं सदतिसावं नेलं. मी वाटभर रडले आणि त्याच्यावर खेकसत राहिले, कारण मला नुसतं रडता येत नाही.

शेवटी त्याचं एकट्याचं घर उरलं. ओमाइरा हलेना. पाणी गुडघ्यावर आलं होतं. पुढच्या कोरड्या महिन्यांत होडीच तरंगली नसती आणि घर तिथेच चिखलात बसलं असतं. एवेलिओ मला घेऊन गेला, समजूत घालायला.

"तो इथे येणार आहे," ओमाइरा म्हणाली. "इथेच असा म्हणून सांगून गेलाय. कासव येईल गं चिंका, पण किनाराच उचलून नेला तर त्यानं जायचं कुठे?"

"कासवाला तोंड नाही," मी म्हटलं. "तुझ्या पोराला आहे. विचारेल कुणालातरी."

कुणाला विचारेल, हे मी बोलले नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही. 'विचारेल कुणालातरी', हे माझे शब्द आहेत, आणि ते मी मरेपर्यंत मला टोचायला पुरतील.

घर उचललं गेलं. बरोबर हात द्यायला माझा नवरा आणि आणखी दोघे होते. आणि मग एवेलिओनं खांब उपटायला घेतले.

इथे आमची एक रीत सांगितली पाहिजे. घर दुसरीकडे गेलं तर खांब पाण्यात तसेच उभे ठेवायचे. उभे खांब म्हणजे माणसं जिवंत आहेत, दुसरीकडे राहतात. एखाद्या घरातलं शेवटचं माणूस मेलं, की मगच नातेवाईक खांब उपटतात आणि वाटून घेतात. ती रिकामी जागा दिसली की आमचा माणूस होडी थांबवतो, टोपी काढतो आणि मग पुढे जातो. अडतीस घरांचे खांब तिथे उभे होते. अडतीस कुटुंबं, सगळी जिवंत.

"कोंपाद्रे, खांब राहू दे," मी म्हटलं.

"अगं, वेरा लाकूड आहे, पाण्यात कुजत नाही. आजोबांनी रोवलेलं. तिकडे नवीन कुठून आणू? खारफुटी आता तोडू देत नाहीत."

"तरी पण. रीत आहे."

"रीत बघणाऱ्यांसाठी असते. इथे उरलंय कोण बघायला? बगळे?"

मी एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं नाही. कारण, आता लपवून काय उपयोग, नव्या जागी माझ्या दुकानाला लावलेले दोन कच्चे खांब कुजले होते आणि चौदातले दोन तुला देईन असं तो सकाळीच म्हणाला होता. होडीत पाणी भरून तिला खांब बांधायचा आणि पाणी उपसायचं, त्याच युक्तीनं त्यानं एकेक खांब चिखलातून उपटला. प्रत्येक खांब निघताना मोठा आवाज व्हायचा. ओमाइरा घरात पाठ करून बसली होती.

दोन वर्षं गेली. दक्षिण किनाऱ्याजवळ, काठाच्या उथळ पाण्यात, त्याचं घर बारा खांबांवर उभं होतं आणि शेजारी माझं दुकान. एका दुपारी एवेलिओ माझ्याकडे जाळं दुरुस्त करत बसला होता. वरच्या वस्तीतली युस्मारी नावाची एक पोरगी, जी कोलंबियात कामाला होती आणि सुट्टीला घरी आली होती, ती साबण घ्यायला आली. तिनं एवेलिओला बघितलं आणि क्रूसाची खूण केली.

"तुम्ही... तुम्ही विल्मेरचे वडील ना? तुम्ही तर मेलात!"

एवेलिओ हसला. "मेलो असतो तर हिच्या दुकानात कॉफी कशाला पीत बसलो असतो? वर नक्की ह्याहून बरी मिळत असेल."

पोरगी हसली नाही. ती रडायला लागली. मग एवेलिओच्या हातातली जाळ्याची सुई थांबली.

तिनं सगळं सांगितलं. ती आणि विल्मेर सीमेपलीकडे एकाच गल्लीत राहायचे; एवेलिओचा चेहरा तिला त्याच्याकडच्या फोटोतून ठाऊक होता. गेल्या वर्षी ईस्टरच्या आठवड्यात विल्मेर होडी भाड्यानं करून गावाकडे आला होता, इंजिन घेऊन. अडतीस घरांचे खांब गवतात उभे होते. फक्त आपल्या आईबापाच्या घराच्या जागी त्याला काही दिसलं नाही. होडीवाला सीमेकडचा होता, पण पाण्यातलाच माणूस. ती जागा बघून त्यानं टोपी काढली. विल्मेर उतरला, गुडघाभर चिखलात त्या जागी बराच वेळ उभा राहिला, आणि परत गेला. कुणाला विचारायची गरजच नव्हती. आमच्या रीतीनं त्याला सगळं सांगितलं होतं. आमच्याच पोराला ते वाचता येत होतं; दुसऱ्या कुणाचं असतं तर चौकशी करत आमच्या दारात आलं असतं.

"नऊ दिवस त्यानं तुमच्यासाठी प्रार्थना ठेवली," युस्मारी म्हणाली. "मी रोज जायचे. शेवटच्या दिवशी सगळ्यांना भाताची खीर वाटली त्यानं."

"आता कुठाय तो?" मी विचारलं.

"इंजिन विकलं. उत्तरेच्या देशांकडे कामासाठी जाणाऱ्या एका टोळीबरोबर निघाला, जंगलातून पायी. मी म्हटलं नको जाऊ, त्या वाटेवर माणसं मरतात. तर म्हणाला, आता माझी वाट बघणारं कुणी नाही. त्यानंतर फोन लागतच नाही. टोळीतले दोघे पोचले, त्यांनी सांगितलं की तो मधेच मागे पडला होता."

ओमाइरा केव्हा दारात येऊन उभी राहिली होती ते आम्हाला कळलं नव्हतं. ती किंचाळली नाही. तिनं युस्मारीला विचारलं, "माझ्यासाठी वेगळी मेणबत्ती लावली होती त्यानं? की दोघांना मिळून एक?"

"वेगळी. तुमची मोठी होती."

ओमाइरानं मान हलवली, जसं काही सौदा पटला. मग ती तिथेच माझ्या दुकानाच्या फळ्यांवर बसली आणि तिनं जो आवाज काढला तो मी माणसाच्या तोंडून तोपर्यंत ऐकला नव्हता.

 दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर एवेलिओ स्वतःच्या घराखाली दोर घेऊन उभा. काय करतोयस म्हणून विचारायला गेले तर म्हणाला, "तुझ्याकडचे दोन पण लागतील, कोमाद्रे."

"अरे, घर कशावर उभं राहील?"

"राहील जमिनीवर. लोक राहतात की."

"कोंपाद्रे, तो आता..."

"तो येईल असं मी म्हणतच नाही," तो म्हणाला. "पण तिथे आम्ही मेलो असं लिहिलेलं आहे, आणि ते मी लिहिलंय. ते मला पुसायचंय. बाकी काही नाही."

मी नवऱ्याला हाक मारली आणि आमच्या दुकानाखालचे दोन खांब काढून दिले. दुकान त्या बाजूला कललं ते अजून तसंच आहे. त्यांचं घर काठावर मातीत बसवलं. माती म्हणजे काय हे ओमाइराला पन्नास वर्षांत ठाऊक नव्हतं. पहिले कित्येक दिवस ती दाराबाहेर पाऊल टाकताना चौकट धरायची. चौदा खांब एवेलिओनं तीन फेऱ्यांत नेले. जिथवर पाणी होतं तिथवर होडीतून, पुढे खांद्यावरून, एकेक. जो माणूस धक्क्यावर नीट चालू शकत नव्हता तो चिखलातून पडत, उठत ते ओझं वाहत होता. माझा नवरा म्हणायचा मी धरतो एक टोक, तर तो त्याला हात लावू देईना. शेवटचा खांब ठोकून झाल्यावर त्यानं टोपी घातली आणि घरी आला.

नवलाच्या गोष्टी त्यानं नंतर कधी सांगितल्या नाहीत. मी एकदा मुद्दाम विचारलं, काय कोंपाद्रे, आज जगात नवीन काय? तर म्हणाला, "काही नाही. सगळं जसंच्या तसं आहे." पुढच्या वर्षी तो गेला. ताप आला, चार दिवसांत संपला. त्यानंतर ओमाइरा तीन वर्षं जगली, मातीवरच्या त्या घरात, आणि रोज एकदा मला विचारायची, "खांब उभे आहेत ना गं?" मासेमारीवरून येणाऱ्या कुणालातरी विचारून मी तिला सांगायचे, उभे आहेत.

गेल्या महिन्यात तीही गेली. त्या घरात आता कुणी नाही. नातेवाईकही कुणी नाहीत. कोमाद्रे म्हणून खांब उपटायचं काम माझं आहे. परवा दोघे पुरुष होडी घेऊन माझ्या दारात आले, म्हणाले, चिंका, चल, रीत उरकून टाकू, शिवाय चांगलं वेरा लाकूड आहे. मी गेले. गवत आता माणसाच्या उंचीचं झालंय. चौदाही खांब सरळ आहेत. एवेलिओनं ते खोल ठोकलेत. पुरुषांनी पहिल्या खांबाला दोर बांधला आणि माझ्याकडे बघितलं.

तेव्हा माझ्या मनात एकच आलं. आईबाप जिवंत होते तेव्हा ह्या जागेनं त्या पोराला सांगितलं की ते मेले. आता ते खरंच मेलेत. आणि तो जर कुठे असेल, एखाद्या दिवशी पुन्हा इथे आला, तर ह्या जागेनं त्याला दुसऱ्यांदा तेच सांगायचं का?

"सोडा तो दोर," मी म्हटलं.

"पण चिंका, रीत..."

"रीत मला शिकवू नका. सोडा म्हटलं ना."

त्यांनी सोडला.  खांब तिथेच आहेत, आणि मी जिवंत आहे तोवर तिथेच राहतील. ते खोटं बोलतायत हे मला माहीत आहे.